खंडेनवमीचं माप

मांडलेल्या पूजेत हात घालायचा नाही, एवढं आमच्या घरात रांगत्या पोरालाही कळतं. आणि ही एकोणीस वर्षांची घोडी, माझी नात साक्षी, पॉलिटेक्निकात जाणारी, खंडेनवमीच्या सकाळी केस न विंचरता, नखात काळं ग्रीस, पायात चपला, तशीच ओट्यावर चढली आणि हळदीकुंकू वाहिलेलं लेथवरचं माप, बोअरगेज, उचलायला वाकली. मी फटकन हातावर मारलं. एवढ्या जोरात मारायचं नव्हतं, पण लागलं. "आज्जी, एक मिनिट फक्त," म्हणाली. "मिनिट न्हाय आन सेकंद न्हाय. लोखंडाला बी वर्सातनं एक दिस असतो. उद्या सोनं लुटून झाल्यावर घे काय घ्यायचं ते." दुसरी कोण असती तर रडली असती नाहीतर भांडली असती. हिनं नुसतं गेजाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि हात चोळत खाली उतरून गेली. तोंड आहे ना? कशाला पाहिजे ते सांगता येत नाही? मी काय दार लावून बसले होते? पण ही आजकालची रीतच आहे, विचारायचं अर्धं आणि रुसायचं पुरतं.

मी माळ नीट केली. तिच्या चपलेनं पाटाखालचं पांढरं कापड दुमडलं होतं, ते सरळ केलं. उद्यमनगरात आमच्या गल्लीत खाली दुकानं आणि वर राहायची घरं. आमच्या खाली लेथ. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो पंच्याहत्तर साली बसवला. आता माझा लेक पृथ्वीराज चालवतो. आज तो एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नारळ फोडायला गेला होता. मी तिसरी शिकले. पण गल्लीतल्या अकरा दुकानांची मापं खंडेनवमीला माझ्या वर जिन्याच्या तोंडाशी, गल्लीतून दिसणाऱ्या ओट्यावर येतात, हा मान मी कुणाकडून मागून घेतलेला नाही. मायक्रोमीटर, व्हर्निअर, बोअरगेज, डाय, टॅप, सगळं घासून पुसून ओळीनं मांडायचं, झेंडू वाहायचा, कोहळा कापायचा. समोरचे करीमभाई पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करतात, त्यांचीही पेटी येते. त्यांच्या अब्बांपासून येते. लोक बघायला थांबतात. चपला काढून थांबतात.

आणि ओळीच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, तो ठोकळा. भाकरीच्या पिठाचा गोळा असतो एवढा. हवेनं गार करायच्या पात्यांचं एका बारक्या स्कूटरचं सिलिंडर आणि त्याच्या पोटात चिकटून बसलेला पिस्टन. बारा वर्षं झाली, तो निघत नाही. मालक गेल्यापासून त्याला पाटावर मीच ठेवते. साक्षीनं लहानपणी विचारलं होतं, हा कुठल्या देवाचा, म्हणून. मी म्हणाले, तुझ्या आजोबांचा.

तासाभरानं खाली स्कूटर सुरू झाली.

मी निरांजनात तूप घालत होते. तूप पाटावर सांडलं. मला सांगा, ज्या बाईनं तीस वर्षं लेथच्या वर चूल मांडली तिला आवाज कळायला डोळे लागतात का? साक्षीची स्कूटर साठ सीसीची, बिनगिअरची, पोरीबाळींनी भाजी आणायला न्यावी अशी. तिचा आवाज मला पाठ आहे. बारीक, नाकातला, सर्दी झालेल्या पोरासारखा. राजारामपुरीच्या चढाला दोघी बसल्या की मागचीनं उतरून ढकलायचं. पॉलिटेक्निकातली पोरं तिला शिवणयंत्र म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण आता खालून आलेला आवाज छातीतला होता. भरलेला. मूठ पिळली की घसा साफ करून बोलणाऱ्या माणसासारखा वर चढायचा आणि सोडली की खाली येताना मधेच अडखळायचा, किंचित, तांदळात खडा लागावा तसा. मी हात पुसायचा विसरले. फडताळातल्या कपबशा थरथरत होत्या. ह्या घरात तसा आवाज मी एकदाच ऐकला होता, बारा वर्षांमागं, सयाजीच्या गाडीचा.

सयाजी मूळचा गडहिंग्लजचा. शाहूपुरीत एका कापडाच्या पेढीवर कामाला होता, चोविशीतला, दात पुढं आणि सारखा हसणारा. मला मावशी म्हणायचा. म्हणायला काय लागतं म्हणा. पण हा म्हणायचा आणि मग चुलीपाशी बसून खरंच भाचा असल्यासारखा खरपूस भाकरी मागायचा. त्याच्याकडं असलीच बारकी स्कूटर होती. गावाकडं आई एकटी, चिमणाबाई, दम्याची. तिला दर पंधरवड्याला डॉक्टरला दाखवायला कोल्हापूरला आणायची, तर यष्टीत ती गुदमरते, आणि गाडीवर घेतली तर तवंदीचा घाट चढत नाही. "मिस्त्री, हिच्यात जरा जीव घाला की," असं तो मालकांना रोज म्हणायचा. मालक आधी नाही म्हणाले. म्हणाले, ज्यानं इंजीन बनवलं त्यानं इचार करूनच बनवलंय, त्याच्या पोटात मावंल तेवढंच दिलंय. तो म्हणाला, "मग माणसानं अंगणवाडीतच ऱ्हायाचं व्हय, मिस्त्री?" मालक हसले. मीही हसले. मीच म्हणाले, करा की, एवढं पोरगं मागतंय, तुमच्या हाताला काय अशक्य आहे. हे मी म्हणाले. आता लिहायला बसले आहे तर लिहिते.

मालकांनी सिलिंडर बोअर मारून मोठं केलं, मोठ्या गाडीचा पिस्टन घातला, वरचं झाकण, म्हणजे हेड, घासलं, सायलेन्सरच्या पोटातली जाळी करीमभाईंनी कापून काढली. अष्टमीच्या संध्याकाळी लेथवरून सिलिंडर उतरवलं तेव्हा मी तिथंच होते. मी काटा वाचायची आणि ते लिहायचे, आमची ती सवयच होती. बोअरगेज म्हणजे दुसरं काही नाही, सिलिंडरच्या पोटात सोडायचं माप. खाली दोन टोकं, वर घड्याळासारखी तबकडी. पिस्टन आणि सिलिंडर ह्यांच्यात केसापेक्षा बारीक फट ठेवावी लागते, आणि ती तबकडीवर घरांनी मोजायची. मी म्हणाले, दोन घरं. मालक म्हणाले, बरोबर, पण हे गरमागरम आहे. तापलेलं लोखंड फुगतं, त्याचं माप खोटं येतं. रात्रभर गार होऊ दे, सकाळी परत मोजू, मग जोडू. लेथवर काम करणारं शेंबडं पोरगंही हे जाणतं. मोजायचं, निजवायचं, परत मोजायचं.

सकाळी खंडेनवमी. मी पहाटेच उठून अकरा दुकानांची मापं मांडली होती. मालक आंघोळ करून, ओल्या केसांनी, सिलिंडर हातात घेऊन ओट्यावर आले. खाली सयाजी पिशवी घेऊन उभा. त्याला दुपारच्या आत गाव गाठायचं होतं, दसऱ्याला आईच्या हातात सोनं द्यायचं होतं. मालक म्हणाले, "अर्धा मिनिट. गेज घेतो, मोजतो, ठेवतो." मी म्हणाले, "पूजेतलं उचलायचं न्हाय." ते म्हणाले, "अगं, थंड माप बघायचं ऱ्हायलंय." ओट्याखाली चार बायका उभ्या होत्या बघायला. माझ्या पाटाकडं बघत होत्या. मला काय झालं होतं त्या वेळी? मी म्हणाले, "कालच तर दोन घरं मीच वाचली न्हवं? माझ्या वाचण्यावर इस्वास न्हाय तुमचा?" बायका हसल्या. मालक समोर करीमभाईंकडं गेले, तर त्यांची पेटीही माझ्याच पाटावर. पुढच्या दुकानाचं गेजही. गल्लीतल्या साऱ्या दुकानांचं. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत एक माप मोकळं नव्हतं, आणि हे मीच केलं होतं, आणि मला त्याचं कौतुक होतं. करीमभाई म्हणाले होते, "वैनी उचलू देत असतील तर घ्या, मिस्त्री." सयाजी खालून ओरडला, "असू दे की मिस्त्री! मावशीनं वाचलंय म्हंजे झालं." मालकांनी जोडलं. नटबोल्ट आवळताना त्यांनी मान वर केली नाही. निघताना त्याला एवढंच सांगितलं, पहिले पाचशे किलोमीटर दामटू नकोस. तो व्हय व्हय म्हणाला आणि मूठ पिळली. गाडी गल्लीतून गेली ती अशी, छातीतल्या आवाजानं. मी वरून हात केला. मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला होता.

तवंदीच्या घाटात, अर्ध्या चढाला, पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरनं त्याला धरला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मागून ट्रक होता. बातमी दसऱ्याला आली, गल्लीत आपट्याची पानं वाटत असताना. माझ्या हातात पानं होती, आणि ती कुणाला द्यायची तेच मला सुचेना.

लोक म्हणाले, पोरानं दामटली. मिस्त्रीनं बजावून सांगितलं होतं, चार माणसांनी ऐकलं होतं, तरी दामटली. मालकांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तेराव्यानंतर चिमणाबाई आली, यष्टीनं, धापा टाकत. ओट्याच्या पायरीवर बसली आणि मालकांना विचारलं, "जाताना त्यो काय बोलला हुता का ओ, मिस्त्री?" मालक म्हणाले, "हसत गेलता." तिनं मान हलवली. मी तिला चहा दिला. तिनं बशीत ओतून, फुंकून, सगळा प्यायला, आणि मला म्हणाली, "तुमची भाकरी लई गोड असती म्हणायचा." मी आत जाऊन पातेली घासत बसले. स्वच्छ पातेली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी पाट मांडून पाणी आणायला गेले आणि परत आले तर उजव्या कोपऱ्यात तो ठोकळा. मोडक्या स्कूटरमधून मालकांनी तो कधी काढून आणला होता, मला माहीत नाही. ते शेजारी हात जोडून उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याला हळद लावली, कुंकू लावलं. माझं बोट पात्यांत अडकलं. सात वर्षं त्यांनी तो तसाच आणून ठेवला आणि सात वर्षं मी त्याला वाहिलं, आणि त्यावर आमच्यात शब्द झाला नाही. बायकोला नवऱ्यानं मारलेलं मी पाहिलं आहे, शिव्या दिलेल्या पाहिल्या आहेत. असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही. शेवटच्या आजारात मला वाटायचं आता बोलतील. मी उशाशी बसून राहायची, बोला म्हणून. ते पाणी मागायचे. मरताना माणूस काय घेऊन जातो आणि काय ठेवून जातो ह्याचा विचार मी फार केला नाही. ठोकळा मात्र ठेवून गेले. गेजाचं खरं दुसऱ्या कुणाला माहीत असेल तर करीमभाईंना. त्यांनीही बारा वर्षांत तोंड उघडलेलं नाही. आता त्यांचे कान गेलेत, पत्रा बडवून बडवून. दुकानापुढं स्टुलावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओठांकडं बघतात.

खाली मूठ पुन्हा पिळली गेली. पुन्हा तो खडा.

मी गॅलरीत आले. साक्षी स्कूटरवर बसलेली, ओढणी कमरेला घट्ट बांधून, आणि मागं मदिहा, करीमभाईंची नात, डबा मांडीवर घेऊन. "कुठं निघालासा?" मी वरून विचारलं. मदिहा म्हणाली, "पन्हाळ्याला, आज्जी! आज ही मला न ढकलता वर नेणार हाय. वाघबीळच्या चढाला पोरं उभी ऱ्हायल्यात बघायला." आणि दोघी हसल्या. करीमभाई समोर स्टुलावर होते, नातीकडं बघून हसत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. ह्या गल्लीत तो आवाज ओळखणारी माणसं दोनच राहिली होती, त्यातला एक बहिरा झाला होता आणि दुसरी मी, हातात तुपाची वाटी घेऊन उभी.

"साक्षे, काय केलंस गाडीला?"

"आलं व्हय ध्यानात?" तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "बोअर मारला, आज्जी. आजोबांच्या लेथवर. माझा मी. पप्पांनी नुसतं बघितलं. पिस्टन मोठा घातला, हेड घासलं. ऐक की कशी बोलतीया."

"कधी मारलास बोअर?"

"काल सांजचं."

"मोजलास कधी?"

"लगीच. दोन घरं, बरोबर."

"आन सकाळी?"

तिनं मूठ सोडली. गाडी धडधडत राहिली. मग तिनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, मी मारलेल्या, आणि वर न बघता म्हणाली, "सकाळी गेज तुझ्या पूजेत हुतं की. घ्यायलाच आलतो."

मी जिना कसा उतरले ते मला सांगता येत नाही. एवढं आठवतं की भिंत गार होती आणि माझ्या हाताचं तूप तिला लागत होतं, आणि प्रत्येक पायरीला वाटत होतं की आता गिअर नसलेली ती गाडी नुसत्या मुठीनं सुटेल, छातीतल्या आवाजानं, आणि मी पुन्हा वरून हात करणारी बाई होईन. खाली आले ती गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले. हँडल धरलं. साक्षी म्हणाली, "आज्जी, पोरं वाट बघाय लागल्यात. हळू जातो. शप्पत. चाळीसच्या वर न्हेत न्हाय." मी म्हणाले, "चढाला हळू म्हंजे काय गं? चढाला मूठ पिळाय लागती. त्याच्यापायीच तर केलंयस न्हवं हे सगळं?" ती म्हणाली, "सगळ्यांच्या गाड्या चढत्यात. माझीच ढकलायची व्हय? आज्जी, लोकं हसत्यात." चार बायका हसतील म्हणून मी काय केलं होतं?

"बंद कर," म्हणाले. "हेड उघड."

"आज? पूजेच्या दिवशी? हत्याराला हात न्हाय लावायचा म्हणालीस!"

मी वर गेले. पाटासमोर उभी राहिले. निरांजन तेवत होतं. गेजावर झेंडूचं फूल होतं, ते मी काढलं, कुंकू पदरानं पुसलं, आणि बोअरगेज उचललं. शेजारचा मायक्रोमीटर उचलला. मग उजव्या कोपऱ्यातला ठोकळा उचलला. फुलांत तीन खड्डे पडले. खाली गल्लीत कोणीतरी बाई म्हणाली, "अगं बया, आक्कांनीच पूजा मोडली." मोडली. मी पहिल्यांदाच मोडत होते असं तिला वाटलं असेल; बारा वर्षांमागं गेज न उचलू देऊन मी ती कधीच मोडली होती.

मला हातात गेज घेऊन उतरताना बघून करीमभाई स्टुलावरून उठले. त्यांनी आवाज ऐकला नव्हता, पण गेज आणि तो ठोकळा बघून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते रस्ता ओलांडून आले, मदिहाच्या दंडाला धरलं आणि तिला गाडीवरून खाली उतरवलं. तिचा डबा पडला. कोणी उचलला नाही.

साक्षीनं चार नट काढले, हेड उतरवलं, सिलिंडर उपसून बाहेर घेतलं. हात स्वच्छ चालत होते तिचे. तिच्या आजोबांसारखे, एक हालचाल जास्त नाही. मला ते बघून बरं वाटलं आणि भीती वाटली. सिलिंडर ऊन होतं. "पंख्याखाली ठेव," मी म्हणाले, "पिस्टन बी ठेव." मग आम्ही तासभर बसलो, ती, मी, करीमभाई, मदिहा, एका लाकडी फळीवर, देवळात बसावं तसं. पंखा फिरत होता. पात्यांतून टिक टिक असा आवाज येत होता, लोखंड आकसतानाचा, आधी भरभर, मग थांबून थांबून. मला वाटलं हा आवाज मी बारा वर्षांपूर्वी ऐकायला बसले असते तर. एक टिक झाली. मग बराच वेळ नाही. मग आणखी एक.

मी बोट लावून बघितलं. गार. साक्षीनं गेज पिस्टनच्या मापाला लावून काटा शून्यावर आणला आणि गेज सिलिंडरच्या पोटात सोडलं. मी चष्मा पुसला. काटा दोन घरं सरकायला हवा होता. तो हलला, अर्ध्या घरावर गेला आणि तिथंच राहिला. तिनं गेज फिरवून पुन्हा धरलं. अर्धंच. तिसऱ्यांदा धरलं. काटा पुढं जात नव्हता.

"आज्जी," ती म्हणाली. मग एकदम लहान होऊन म्हणाली, "आतनं घासून, होन करून नीट करू का? दीड घर काढाय किती वेळ लागतोय. म्हंजे मग चढंल. काय करू, नीट करू, का जुनं सिलिंडर घालू?"

मी तिच्या मांडीवर तो ठोकळा ठेवला. ती बघत राहिली. त्याच पात्या, तेवढंच भोक, आणि भोकात रुतलेला पिस्टन. पोरगी शिकलेली आहे. तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. करीमभाई भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा ते वळले आणि माझ्या ओठांकडं बघायला लागले. बघू दे.

"जुनं घाल," मी म्हणाले. "नीट करून बी नगं. ताकद वाढवून मिळतंय काय? मागचीला उतरून ढकलाय लागत न्हाय, एवढंच. ढकललं तर दम लागंल, लोकं हसतील. हसू देत. माझ्यावर हसतील म्हणून मी तुझ्या आजोबाला ह्ये गेज उचलू दिलं न्हाय, आन ह्यो सयाजी, माझी भाकरी खाणारा, तवंदीच्या घाटात गेला. दामटली म्हणून न्हाय गेला. आजोबा चुकलं न्हवतं. सकाळी तू पूजेत हात घातलास, त्यो हात बरोबर हुता, साक्षे. त्याला मारणारा माझा हात चुकला. बारा वर्सामागं बी त्योच चुकलता."